‘झालं’ म्हणाल्या, पण झालं नव्हतं: इंटरफेसची तत्त्वं आणि युजेबिलिटी टेस्ट

प्रश्न असा आहे: “दोन वर्षं मी मोबाइल अ‍ॅपच्या स्क्रीन डिझाइन करतोय. डिझाइनची तत्त्वं वाचली आहेत, चेकलिस्ट लावून प्रत्येक स्क्रीन तपासतो, तरी अ‍ॅप बाहेर गेलं की लोक अडखळतात आणि सपोर्टला फोन करतात. तत्त्वं आणखी काटेकोर पाळली तर युजेबिलिटी टेस्ट टाळता येईल का? आणि घ्यायचीच झाली, तर माणसं नाहीत, वेळ नाही, अशा परिस्थितीत ती कशी घ्यावी?”

आधी सरळ उत्तर देते. युजेबिलिटी टेस्ट, म्हणजे खऱ्या वापरणाऱ्याला एखादं काम देऊन तो कुठे अडतो ते गप्प बसून पाहणं, टाळता येणार नाही. तत्त्वं कुचकामी आहेत असं मुळीच नाही, मी रोज त्यांच्याच आधारानं काम करते. पण तत्त्व म्हणजे काय? कधीतरी कुणीतरी एखाद्या माणसाला चुकताना नीट पाहिलं आणि त्यातून जे कळलं ते एका वाक्यात लिहून ठेवलं. तुमच्या स्क्रीनवर तुमचे लोक कुठे चुकतात, ते अजून कुणी पाहिलेलंच नाही. त्यामुळे ते कुठल्याही यादीत सापडणार नाही.

याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण स्क्रीनच्या कितीतरी आधीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांचे काही वैमानिक विमान व्यवस्थित उतरवायचे आणि धावपट्टीवर आल्यावर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मिटवण्याऐवजी चाकंच मिटवायचे. विमान पोटावर बसायचं. कागदावर नोंद व्हायची, ‘वैमानिकाची चूक’. अल्फोन्स चॅपानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर चाकांचा आणि फ्लॅपचा स्विच शेजारी शेजारी होते आणि दिसायला सारखे होते. दमलेल्या माणसाचा हात चुकणं साहजिक होतं. चॅपानिसनं एका स्विचवर छोटं रबरी चाक बसवलं आणि दुसऱ्यावर फ्लॅपच्या आकाराची पाचर. आता न बघताही हाताला कळायला लागलं. आजही विमानातल्या चाकांच्या दांड्याचं टोक चाकासारखं गोल असतं. ‘वेगळा परिणाम करणारी नियंत्रणं वेगळी वाटली पाहिजेत’ हे तत्त्व आपण आज सहज म्हणतो. ते आलं कुठून, तर कुणीतरी माणसाला दोष द्यायचं थांबवलं आणि त्याचा हात कुठे जातो ते पाहिलं, तिथून.

तत्त्वांपैकी मी सगळ्यात जास्त जपते ते एक: स्क्रीननं खरी स्थिती सांगितली पाहिजे. ऐकायला सोपं आहे, पण हे मोडलेलं मला जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये सापडतं. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुभट्टीत एक झडप उघडी अडकून बसली होती आणि तिथून थंड करणारं पाणी बाहेर जात होतं. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला होता. ऑपरेटरांनी अर्थ लावला, झडप बंद झाली. प्रत्यक्षात तो दिवा झडपेची स्थिती सांगतच नव्हता. झडप बंद करण्याचा आदेश गेला, एवढंच तो सांगत होता. दोन तासांहून जास्त वेळ पाणी जात राहिलं आणि भट्टीच्या गाभ्याचा काही भाग वितळला.

आता तुमच्या अ‍ॅपमधला ‘सेव्ह झालं’ हा संदेश तपासा. तो नेमका कधी येतो? बटण दाबल्याबरोबर, की सर्व्हरकडून उत्तर आल्यावर? बटण दाबल्याबरोबर येत असेल तर तुम्ही तोच दिवा बनवला आहे. नेटवर्क गेलं की माणूस निर्धास्तपणे फोन खिशात ठेवतो आणि त्याची माहिती कुठेच पोचलेली नसते. ‘पाठवतोय’, ‘पोचलं’ आणि ‘पोचलं नाही, पुन्हा पाठवा’ या तीन वेगळ्या स्थिती आहेत आणि तिन्ही वेगळ्या दिसायला हव्यात. वेळेचंही असंच. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली मांडलेले आणि पुढे युजेबिलिटीचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी सुटसुटीत केलेले आकडे आजही उपयोगी पडतात. ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर ‘मी केलं आणि झालं’ असं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचाराची तार तुटत नाही. १० सेकंदांच्या पुढे मन दुसरीकडे जातं, तिथे किती काम उरलं हे दाखवावंच लागतं.

दुसरी गोष्ट शब्दांची. शब्दांचं काम डिझायनर मंडळी सहसा शेवटच्या दिवसावर टाकतात आणि मला ते फार खटकतं. एक नेहमी दिसणारी चौकट बघा. प्रश्न: ‘तुम्हाला अपॉइंटमेंट रद्द करायची आहे का?’ खाली दोन बटणं: ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता ‘रद्द करा’ म्हणजे अपॉइंटमेंट रद्द, की रद्द करण्याचा विचार रद्द? टेस्टमध्ये या चौकटीवर माणसाचा अंगठा हवेत थांबलेला मी पाहिला आहे. काही जण दोन्हींपैकी काहीच न दाबता अ‍ॅपच बंद करतात. बटणावर कृती पूर्ण लिहा: ‘अपॉइंटमेंट रद्द करा’ आणि ‘राहू द्या’. वरचा प्रश्न न वाचताही ही बटणं समजतात, आणि लोक प्रश्न वाचत नाहीत हे गृहीतच धरायचं.

‘नक्की का?’ विचारणाऱ्या चौकटींबद्दल माझं मत ठाम आहे. जिथे उलटं फिरता येतं तिथे त्या काढून टाका आणि ‘पूर्ववत करा’ द्या. वारंवार येणारी चौकट माणूस वाचत नाही, ती घालवण्याची बोटांना सवय लागते. थेरॅक-२५ या रेडिएशन उपचाराच्या यंत्रात १९८५ ते १९८७ दरम्यान सहा गंभीर अपघात झाले, रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा गेली आणि काही जण दगावले. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता आणि आधीच्या यंत्रांतले हार्डवेअरचे सुरक्षा-अटकाव काढून टाकण्यात होता. पण स्क्रीनचाही त्यात वाटा होता. स्क्रीनवर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच यायचं. त्यातून धोका किती, हे कळायला मार्ग नव्हता. बारीकसारीक कारणांनी असे संदेश सतत येत असल्यामुळे ऑपरेटर ‘पी’ दाबून पुढे जायला सरावले होते. तुमच्या अ‍ॅपमध्ये जीव पणाला लागत नसेल, पण बोटांची सवय तीच असते. काय बिघडलं, आता काय करायचं आणि केलं नाही तर काय होईल, एवढं साध्या भाषेत सांगत नसेल तर तो संदेश नसल्यातच जमा.

मोजता येणाऱ्या गोष्टींवर चर्चा करत बसू नका. पॉल फिट्स यांनी १९५४ साली दाखवलं की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे हात पोचायला वेळ लागतो. त्याचा रोजचा अर्थ असा, की बोटानं दाबायची जागा अ‍ॅपलच्या शिफारशीप्रमाणे किमान ४४ पॉइंट, अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे ४८ डीपी (पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनवरच्या आकाराची मापं). वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमावलीची २०२३ ची २.२ आवृत्ती किमान २४ पिक्सेल मागते, पण अंगठ्यासाठी ते अपुरंच पडतं. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडदपणातला फरक, किमान ४.५:१. अक्षरं २०० टक्के मोठी केली तरी काहीही कापलं जाता कामा नये. हे सगळं टूल लावून अर्ध्या तासात तपासून होतं. आणि मेन्यूत सातच पर्याय ठेवा, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा सात अधिक-उणे दोनचा निबंध माणसाच्या तात्पुरत्या स्मरणाबद्दल आहे. डोळ्यांसमोर दिसणारा मेन्यू कुणी पाठ करत नाही.

तत्त्वं एकमेकांशी भांडतात, हे मात्र कुठलीच चेकलिस्ट सांगत नाही. २००० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीची मतपत्रिका हे त्याचं उदाहरण. मत द्यायचं ते उमेदवाराच्या नावासमोर छिद्र पाडून. उमेदवार बरेच होते आणि वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी ठेवली. हेतू अगदी चांगला. पण त्यामुळे नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि छिद्रांची रांग मधोमध ठेवली. डाव्या पानावर दुसरं नाव अल गोर यांचं, पण दुसरं छिद्र उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचं. गोर यांचं छिद्र तिसरं. ब्यूकॅनन यांना तिथे अनपेक्षितपणे ३,४०० हून जास्त मतं पडली आणि एकाहून जास्त छिद्रं पाडल्यामुळे १९,००० हून जास्त मतपत्रिका बाद झाल्या. राज्याचा निकाल ५३७ मतांनी लागला. ‘अक्षरं वाचता येतील अशी ठेवा’ हे तत्त्व पाळताना ‘नाव आणि त्याचं छिद्र यांचं नातं स्पष्ट ठेवा’ हे तत्त्व मोडलं. अशा वेळी कुठल्या तत्त्वाचं पारडं जड, हे टेबलाभोवती बसून ठरत नाही. ती पत्रिका चार-पाच मतदारांच्या हातात देऊन गप्प उभं राहिलं, तरच कळू शकतं.

आता टेस्टकडे येऊ, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे.

माणसं किती लागतात? जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये बऱ्याच प्रोजेक्टांवरून हिशेब मांडला. त्यात एका माणसाच्या टेस्टमध्ये एखादी अडचण सापडण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के निघाली. त्या हिशेबानं पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात. ‘पाच माणसं पुरेत’ हे जे सगळीकडे ऐकू येतं ते इथून आलं. पण त्यातली अट लोक विसरतात. जी अडचण दहातल्या एकालाच येते, ती पाच जणांत सापडण्याची शक्यता फक्त ४१ टक्के. म्हणजे दुर्मीळ पण घातक चूक पाच जणांत निसटू शकते. म्हणून मी पंधरा माणसांची एक मोठी टेस्ट घेत नाही. पाच जण, मग दुरुस्ती, पुन्हा नवे पाच, पुन्हा दुरुस्ती. पहिल्या फेरीत ढोबळ अडचणी निघून जातात आणि त्यांच्या आड दडलेल्या दुसऱ्या फेरीत दिसायला लागतात. तुमच्याकडे पाचही नसतील तर तीन घ्या. तीन आणि शून्य यांत जेवढं अंतर आहे तेवढं तीन आणि पाच यांत नाही.

माणसं निवडताना वयापेक्षा आणि हुद्द्यापेक्षा एक गोष्ट बघा: हे काम त्यांना खरोखर करावं लागतं का? ऑफिसातले सहकारी चालणार नाहीत, त्यांना तुमचे शब्द आधीच माहीत असतात. ज्यांनी सपोर्टला फोन केले, त्यांच्यापासूनच सुरुवात करा. ते आनंदानं येतात, त्यांचं कुणीतरी ऐकतंय हेच त्यांना पुरेसं असतं. पाचांत एक तरी माणूस असा असू द्या, जो मोठी अक्षरं लावून किंवा स्क्रीन रीडरनं, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, फोन वापरतो. आणि शक्यतो टेस्ट त्यांच्याच फोनवर घ्या. त्याचं कारण आता सांगते.

एका रुग्णालयाच्या अपॉइंटमेंट अ‍ॅपचं काम माझ्याकडे होतं. टेस्टमधलं काम मी असं लिहिलं होतं: “शुक्रवारी तुम्हाला डॉक्टरांकडे जायचं ठरलंय. पण त्या दिवशी अचानक दुसरं काम निघालं. पुढच्या आठवड्यात कुठलाही दिवस चालेल. काय कराल?” यात ‘वेळ बदला’ हे शब्द नाहीत, कारण ते स्क्रीनवर होते. कामात स्क्रीनवरचा शब्द आला की माणूस फक्त तो शब्द शोधतो आणि तुम्हाला वाटतं डिझाइन समजलं.

साठी ओलांडलेल्या एक काकू समोर होत्या. फोन त्यांचा स्वतःचा, अक्षरं बरीच मोठी केलेली. त्यांनी अपॉइंटमेंट उघडली, कॅलेंडर काढलं. १२ तारखेचा शुक्रवार दिसला. त्यांनी १६ चा मंगळवार दाबला, त्याचं घर निळं झालं. खाली वेळा आल्या, त्यांतली सकाळची एक निवडली, तीही निळी झाली. मग फोन टेबलावर पालथा ठेवला आणि हसून म्हणाल्या, “झालं.”

झालं नव्हतं. ‘निश्चित करा’ हे बटण वेळांच्या खाली होतं आणि मोठ्या अक्षरांमुळे स्क्रीनच्या बाहेर गेलं होतं. आमच्या सगळ्यांच्या फोनवर ते व्यवस्थित दिसत होतं, म्हणून आमच्यापैकी कुणालाच कधी शंका आली नव्हती. मी विचारलं, “काकू, झालं हे कशावरून कळलं?” “रंग बदलला ना,” त्या म्हणाल्या. शेवटी अ‍ॅप किती सोपं वाटलं हे पाचपैकी विचारलं, तर त्यांनी पाच दिले. खऱ्या आयुष्यात त्या मंगळवारी दवाखान्यात पोचल्या असत्या आणि तिथे त्यांचं नाव नसतं.

अशी न कळणारी चूक मला सगळ्यात गंभीर वाटते. अडकलेला माणूस निदान मदत मागतो. ‘झालं’ म्हणून निघून गेलेला माणूस कुठल्याच आकड्यात दिसत नाही, आणि तो नंतर सपोर्टला फोन करतो तेव्हा ‘युजरनं बटण दाबलं नाही’ अशी नोंद होते. वैमानिकाच्या चुकीसारखीच.

टीमचं पहिलं म्हणणं होतं, बटण स्क्रीनच्या तळाशी चिकटवून टाकू, म्हणजे ते कायम दिसेल. त्या फेरीत पाचपैकी तिघांचा बदल अर्धवट राहिला होता. त्यांतल्या दोघांच्या फोनवर बटण खाली गेलं होतं, हे खरं. पण तिसऱ्याला ते समोर दिसत होतं, तरी त्यानं दाबलं नव्हतं. निवडलं म्हणजे झालं, अशीच त्याची समजूत होती. त्या एका माणसामुळे खरं कारण कळलं. बटण तळाशी चिकटवलं, त्याचबरोबर त्याच्यावर एक ओळ आणली: ‘तुमची शुक्रवार, १२ ची वेळ अजून तशीच आहे.’ आणि बटणावर ‘निश्चित करा’ऐवजी लिहिलं: ‘मंगळवार, १६ पक्का करा’. पुढच्या पाच जणांपैकी कुणीही मध्येच थांबलं नाही. एक जण फोन खाली ठेवता ठेवता ती ओळ वाचून परत वळला.

टेस्टमध्ये सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसणं. माणूस अडला की आपला जीव वरखाली होतो आणि तोंडून निघून जातं, “खाली काही दिसतंय का?” सुरुवातीच्या वर्षांत मी हे केलं आहे. समोरच्यानं खाली सरकवलं, त्याला बटण सापडलं, मी वहीत ‘जमलं’ असं लिहिलं. ती स्क्रीन तशीच बाहेर गेली आणि नेमक्या त्याच जागी लोक अडले. तो पुरावा मी स्वतःच्या हातानं पुसला होता. तेव्हापासून मनात दहा आकडे मोजते. त्यांनी विचारलं, “हे दाबू का?” तर उत्तर एकच: “घरी असतात तर काय केलं असतं?” नजरही सांभाळायची. आपण उत्तराच्या बटणाकडे बघतो आणि समोरच्याला ते कळतं. म्हणून मी समोर न बसता बाजूला, किंचित मागे बसते.

मनात येईल ते बोलत राहायला सांगण्याची पद्धत मानसशास्त्रातून आली. आयबीएमच्या क्लेटन लुईस यांनी १९८२ च्या सुमारास ती इंटरफेसच्या कामात आणली. ती फार उपयोगी आहे, पण बोलत बोलत काम केलं की वेग बदलतो, त्यामुळे त्याच टेस्टमध्ये घड्याळ लावू नका. आणि ‘तुम्हाला हे का आवडलं नाही?’ असले प्रश्न मध्ये टाकू नका. लोक सौजन्यापोटी कारणं तयार करून देतात. काय दिसतंय, आता काय होईल असं वाटतंय, एवढंच विचारा.

सुरुवातीला एक वाक्य मी कधीच चुकवत नाही: “आम्ही स्क्रीन तपासतोय, तुम्हाला नाही. जिथे अडाल ती आमची चूक.” तरीही पाचांतले दोघं-तिघं म्हणतातच, “मलाच कळत नाही हे.” हे ऐकून मला आजही वाईट वाटतं. कुठल्या तरी टीमनं ज्यावर पुरेसा विचार केला नाही, त्याचा कमीपणा ही माणसं स्वतःकडे घेतात. अशा वेळी धीर देण्याच्या भरात उत्तर सांगून टाकू नका. “तुम्ही आत्ता जे दाखवलंत ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं,” एवढं म्हणा. ते खरंच असतं.

वहीचे दोन भाग करा. डावीकडे जे घडलं तेच: ‘१६ दाबला, वेळ निवडली, फोन पालथा ठेवला, “झालं” म्हणाल्या.’ उजवीकडे तुमचा अंदाज. हे दोन्ही एका वाक्यात मिसळले की आठवड्यानं तुम्हाला अंदाजच घटना वाटायला लागतो. डेव्हलपर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांना दुसऱ्या खोलीतून बघायला बसवा. टेस्ट संपल्याबरोबर अर्धा तास सगळ्यांनी मिळून डावीकडच्या नोंदी वाचा आणि मगच उपायांवर बोला. लांबलचक रिपोर्ट मी आता लिहीत नाही. काकूंचा फोन पालथा ठेवतानाचा चाळीस सेकंदांचा तुकडा दाखवल्यावर त्या मीटिंगमध्ये कुणीही ‘युजरला शिकवू’ असं म्हणालं नाही. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्यायची, ते कोण बघणार आणि कधी पुसणार हे सांगायचं आणि तसंच वागायचं.

सापडलेल्या अडचणींचा क्रम लावताना किती जणांना आली, काम कितपत बिघडलं आणि एकदा कळल्यावर पुन्हा येते का, हे तीन प्रश्न पुरतात. माझी त्यात एक भर असते: माणसाला चूक झाल्याचं कळलं का? नसेल कळलं, तर ती अडचण एकालाच आली असली तरी यादीत वर जाते.

गुण हवेच असतील तर एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही प्रश्नावली वापरा. जॉन ब्रूक यांनी १९८६ साली बनवली, दहा विधानं, एकाआड एक होकारार्थी आणि नकारार्थी, गुण ० ते १००. हे टक्के नव्हेत. साधारण सरासरी ६८ च्या आसपास धरतात. पण पाच जणांच्या एसयूएसवरून काहीही सिद्ध करायला जाऊ नका. काकूंचे पाचपैकी पाच लक्षात ठेवा. अ‍ॅनालिटिक्स आणि ए/बी टेस्टचंही (दोन स्क्रीन वेगवेगळ्या लोकांना दाखवून केलेली तुलना) तेच: दोनपैकी कुठली स्क्रीन बरी चालते ते कळतं, माणसाच्या मनात काय होतं ते कळत नाही.

वेळ नाही म्हणालात, त्याचं उत्तर कागदात आहे. स्क्रीन कोडमध्ये जाण्याची वाट बघू नका. प्रत्येक स्क्रीन एका कागदावर काढा, माणूस बोटानं ‘दाबेल’, तुम्ही पुढचा कागद ठेवा. रंग आणि अ‍ॅनिमेशन यात तपासता येत नाही, पण शब्द, क्रम आणि ‘आता काय होईल’ याबद्दलची समजूत अगदी उघडी पडते. कच्च्या कागदावर लोक मोकळेपणानं बोलतात, कारण तुमची मेहनत वाया जाईल असं त्यांना वाटत नाही. कागद बदलायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे दोन माणसांच्या मधल्या वेळातही बटणाचा शब्द बदलून बघता येतो.

तुमच्या सपोर्टच्या फोनांतून सगळ्यात जास्त येणारी तीन कामं निवडा. ती स्क्रीनवरचे शब्द न वापरता लिहून काढा. एका माणसाला पाऊण तासाहून जास्त वेळ देऊ नका आणि दिवसाला चारपेक्षा जास्त माणसं घेऊ नका, पाचव्याच्या वेळी तुमचंच लक्ष उडालेलं असतं. आणि पहिल्या माणसाची टेस्ट सरावाची धरा, त्याचे निकाल मोजू नका. कामाचं एखादं वाक्य गोंधळाचं निघेल, रेकॉर्डिंग सुरू करायचं राहील, तुम्ही नको तिथे बोलाल. ते त्या दिवशी दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी खरी टेस्ट सुरू करा.